विशेष गरजा असणाऱ्या मुलांचे गणित: नव्या शैक्षणिक वर्षाची पूर्वतयारी कशी करावी

महाराष्ट्रातील बहुतेक शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात आणि विदर्भातील शाळा उन्हामुळे त्यानंतर काही दिवसांनी सुरू होतात. पहिले दोन आठवडे प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप, यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीत माहिती भरणे आणि गटसाधन केंद्रातील बैठका यांत निघून जातात. विशेष शिक्षक मुलांकडे वळतो तेव्हा वर्गात तीन अंकी संख्यांची वजाबाकी सुरू झालेली असते आणि त्याच वर्गातील एखादे मूल अजून आठ आणि पाच मिळवण्यासाठी सर्व बोटे एकपासून मोजत असते. हे अंतर जुलैमध्ये घाईघाईने भरून काढता येत नाही, त्यामुळे तयारीची सुरुवात आधीचे वर्ष संपण्यापूर्वीच करावी लागते.

हा लेख मुख्यतः समग्र शिक्षा योजनेत सामान्य शाळांमधून काम करणाऱ्या विशेष शिक्षकांसाठी आणि साधनव्यक्तींसाठी आहे. विशेष शाळेतील शिक्षकांनाही त्यातील बराच भाग वापरता येईल. त्यामागची भूमिका अशी की, प्रमाणपत्रावर किती टक्के अपंगत्व लिहिले आहे, यावरून गणिताचे नियोजन करता येत नाही. मूल वस्तू कशी मोजते, संख्या कशी वाचते आणि चुकते तेव्हा नेमके कुठे चुकते, यावरूनच ते करता येते.

एप्रिलमध्ये: जुन्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी

वार्षिक परीक्षा संपली की मुलांच्या वह्या आठवडाभरात रद्दीत जातात, आणि विशेष शिक्षकाच्या दृष्टीने मुलाविषयीचा सर्वांत प्रामाणिक पुरावा त्याच वह्यांत असतो. प्रत्येक मुलाची गणिताची एक वही आणि दुसऱ्या सत्राच्या संकलित मूल्यमापनाची उत्तरपत्रिका वर्गशिक्षकांकडून मागून घ्यावी. फळ्यावरून उतरवून घेतलेली, लाल शाईने ‘छान’ लिहिलेली पाने बाजूला ठेवावीत, कारण त्यांतून काहीच कळत नाही. मुलाने स्वतः सोडवलेली आणि चुकलेली उदाहरणे तेवढी शोधावीत.

चुकीच्या उत्तरामागे बहुधा एक नियम असतो, तो ओळखणे हे आपले काम. ५२ मधून २७ वजा करून एखाद्या मुलाने ३५ लिहिले असेल, तर त्याने प्रत्येक रकान्यात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन काढले. त्याला वजाबाकीची तथ्ये येतात, पण दशक सुटा करणे ही क्रिया त्याने हाताने कधी केलेली नाही. दुसऱ्या मुलाने ४६ आणि ३८ यांची बेरीज ७१४ लिहिली असेल, तर त्याने एककाचे चौदा आणि दशकाचे सात शेजारीशेजारी मांडले आहेत. दहा एकक म्हणजे एक दशक, हा व्यवहार त्याच्या मनात घडलेला नाही. तिसऱ्याने ‘तीनशे चार’ ऐकून ३००४ लिहिले असेल, तर तो जसे ऐकतो तसे लिहितो आहे, म्हणजेच त्याची अडचण स्थानिक किमतीची आहे. तिघांच्या प्रगतिपुस्तकात शेरा एकच असतो: ‘गणितात कच्चा’. उपाय मात्र तीन वेगळे करावे लागतात. अशा चुका प्रत्येक मुलाच्या नावाने एका कागदावर उतरवून घ्याव्यात. जूनमधील पडताळणीत तोच कागद हाताशी लागतो.

कागदपत्रांत काय पाहावे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे नोंदली आहेत आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यामुळे दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी), प्रमाणपत्राची मुदत आणि मिळणाऱ्या सुविधांची नोंद तपासावीच लागते. ते काम एका बैठकीत संपवावे.

गणितासाठी मात्र फाइलमधील वेगळ्याच गोष्टी महत्त्वाच्या असतात. चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? श्रवणयंत्र चालू स्थितीत आहे का आणि त्याच्या बॅटऱ्या कोण आणून देते? फिट येत असेल, तर औषधामुळे मूल कोणत्या वेळी सुस्त असते? डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांमध्ये ऐकण्याचीही अडचण आढळते. तोंडी उदाहरण न सुटण्याचे कारण कधी कधी गणितात नसून कानात असते. ही माहिती नसेल, तर पालकांना जूनच्या आधीच सांगून तपासणी करून घ्यावी.

वीस मिनिटांची पडताळणी

शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाबरोबर एकट्याने वीस मिनिटे बसावे. ही परीक्षा नव्हे, म्हणून गुण देऊ नयेत आणि उत्तर चुकले तरी त्या वेळी शिकवायला लागू नये. समोर तीसेक चिंचोके, दहा-दहाचे गठ्ठे बांधलेल्या आइसक्रीमच्या काड्या, काही सुट्या काड्या, थोडी नाणी व नोटा, संख्यांची कार्डे आणि एक कोरा कागद एवढे पुरते. मूल वस्तू तोंडात घालत असेल, तर चिंचोक्यांऐवजी मोठे लाकडी ठोकळे घ्यावेत.

प्रथम चार चिंचोके हाताखाली झाकून क्षणभर दाखवावेत आणि किती होते ते विचारावे. तीन-चार वस्तू न मोजता ओळखता येणे ही संख्याज्ञानाची अगदी पहिली पायरी आहे. गणनअक्षमता (डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या समजण्यातलीच अडचण) असलेल्या पुष्कळ मुलांना तिसरी-चौथीतही इथे एकेक करून मोजावे लागते. त्यानंतर बारा चिंचोके एका ओळीत ठेवून मोजायला सांगावेत आणि मोजून झाल्यावर लगेच, ‘मग किती आहेत?’ असे विचारावे. मूल पुन्हा एकपासून मोजू लागले, तर शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजे सगळ्या गटाची संख्या, हे त्याला उमगलेले नाही. पुढे तेच चिंचोके विस्कटून ठेवावेत आणि काही बदलले का ते विचारावे. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची जी पाच तत्त्वे मांडली, त्यांतील एकास-एक संगती, स्थिर क्रम आणि शेवटच्या संख्येचा अर्थ ही तत्त्वे एवढ्या कृतीतच दिसून येतात.

यानंतरची सूचना साधी असते: ‘मला सात चिंचोके दे.’ एक ते पन्नास न अडखळता म्हणणारी मुलेही इथे मूठभर चिंचोके पुढे करतात. म्हणणे, मोजणे आणि मागितलेली संख्या मोजून देणे ही तीन वेगळी कौशल्ये आहेत. ज्याला मोजून देता येत नाही, त्याला बेरीज शिकवणे म्हणजे पाया न घालता भिंत उभारणे होय.

पुढचा टप्पा बेरजेचा. आठ आणि पाच मिळवायला सांगून उत्तराकडे नव्हे, तर हाताकडे आणि ओठांकडे पाहावे. मूल एकपासून तेरापर्यंत मोजते, आठ मनात धरून नऊ, दहा असे पुढे मोजते, की ‘आठ आणि दोन दहा, आणि तीन तेरा’ अशी फोड करते, हे लिहून ठेवावे. बोटांवर मोजणाऱ्या मुलाची बोटे बंद करायला लावू नयेत. बोटे हे त्याचे हक्काचे साधन आहे. ते काढून घेतल्याने मनात गणित येत नाही, केवळ भीती येते.

शेवटी थोडा व्यवहार: दहाची नोट, पाचाचे नाणे आणि सात रुपयांची पेन्सिल. इथे एक भेद काटेकोरपणे जपावा. सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेच्या कार्यात्मक मूल्यमापन सूचीत ‘येते’ आणि ‘येत नाही’ यांच्याबरोबर खुणेने, तोंडी मदतीने किंवा हात धरून येते, अशी नोंद करण्याची सोय आहे आणि ‘संधी मिळालेली नाही’ असाही एक पर्याय आहे. ज्या मुलाच्या हातात कोणी कधी पैसेच दिले नाहीत, त्याच्यापुढे ‘येत नाही’ असे लिहिणे हा त्याच्यावर अन्याय ठरतो. कोणतीही पडताळणी वापरली तरी हा रकाना ठेवावाच.

पद्धत मुलागणिक बदलते. कर्णबधिर मुलाला सूचना खुणांनी द्यावी आणि ‘पेक्षा किती जास्त’ अशी वाक्यरचना टाळून दोन रांगा समोर मांडाव्यात. नाहीतर आपण भाषा तपासतो आणि तिला गणित समजतो. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाला लिहायला न लावता कार्डाकडे बोट किंवा नजर वळवून उत्तर देऊ द्यावे आणि उत्तरासाठी भरपूर वेळ थांबावे. स्वमग्न मुलाला काय काय होणार आणि कधी संपणार, याची चित्रपट्टी आधी दाखवावी.

मराठी संख्यानामांचा स्वतंत्र विचार

मराठी माध्यमात काम करणाऱ्या शिक्षकाने यासाठी तयारीत वेगळा वेळ ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. ‘सत्तावन्न’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना पाच आधी लिहावे लागतात. ‘एकोणपन्नास’मध्ये तर पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे असतात चाळीस व नऊ, म्हणून मुले हमखास ५९ लिहितात. ज्या मुलाची कार्यस्मृती, म्हणजे काम करताना माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता, तोकडी आहे, त्याला ही उलटापालट प्रत्येक संख्येला करावी लागते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आणले, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी विशेष शिक्षकाच्या टेबलावर ही रीत उपयोगी पडते, हे नाकारता येत नाही.

त्यासाठी एकमेकांवर ठेवता येणारी संख्याकार्डे जूनपूर्वीच कापून ठेवावीत: १० ते ९० ही दशकांची रुंद कार्डे आणि १ ते ९ ही अरुंद कार्डे. मुलाने ५० च्या शून्यावर ७ ठेवला की ५७ दिसतात. ‘पन्नास आणि सात, सत्तावन्न’ असे दोन्ही प्रकारे म्हणून घ्यावे आणि शेजारी काड्यांचे पाच गठ्ठे व सात सुट्या काड्या ठेवाव्यात. एकोणवीस, एकोणतीस ते एकोणनव्वद या संख्या वेगळ्या काढून शेवटी घ्याव्यात.

याला जोडून आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. पुस्तकात देवनागरी अंक, नोटेवर आणि मोबाइलवर आंतरराष्ट्रीय अंक आणि सेमी इंग्रजीच्या वर्गात इंग्रजी संख्यानामे, असे तिहेरी ओझे काही मुलांना पेलत नाही. देवनागरी ३ आणि ६ ही मुले आरशातल्यासारखे उलटे लिहितात, १ आणि ९ यांत गोंधळतात. मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात कोणते अंक आणि कोणत्या भाषेतील संख्यानामे प्रथम पक्की करायची, हे वर्गशिक्षक आणि पालक यांच्या संमतीने लिहून ठेवावे आणि वर्षभर सर्वांनी तेच वापरावे.

आराखड्यात उद्दिष्टे किती आणि कशी

वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात गणिताची पंधरा-वीस उद्दिष्टे लिहिण्याची रीत पडली आहे. त्याने फाइल भरते, एवढेच. पहिल्या सत्रासाठी तीन उद्दिष्टे पुरेशी आहेत आणि ती पडताळणीतूनच यावीत. ‘बेरीज समजणे’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘मोठी संख्या मनात धरून पुढे मोजत, वीसच्या आतील दहा बेरजांपैकी आठ बेरजा मदतीशिवाय करणे’ हे मोजता येते.

मग त्या उद्दिष्टाच्या पायऱ्या पाडाव्यात. दशक सुटा करून वजाबाकी करण्याचेच उदाहरण घेऊ. ५२ दाखवायला पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडणे. सात काड्या काढायच्या आहेत आणि सुट्या दोनच आहेत, हे मुलाने स्वतः म्हणणे. एका गठ्ठ्याचे रबर काढणे. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या, तरी एकूण काड्या बावन्नच आहेत हे पाहणे. बारातून सात काढणे. चार गठ्ठ्यांतून दोन काढणे. हे हाताने सहज जमेपर्यंत वहीत काहीही लिहू नये. मग तेच उभ्या रेघा आणि ठिपके काढून करावे आणि त्यानंतर अंकांत. मूर्त, अर्धमूर्त, अमूर्त हा क्रम शिक्षक-प्रशिक्षणात सर्वांनी ऐकलेला असतो. प्रत्यक्षात मधली पायरी गाळली जाते आणि काड्यांवर जमलेले मूल वहीत अडकते.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलांबाबत इयत्तेचा मोह सोडावा. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तीन अंकी भागाकारापेक्षा घड्याळातला पूर्ण आणि अर्धा तास, आठवडी बाजारात पन्नास रुपयांत काय येईल याचा अंदाज आणि एसटीचे तिकीट काढून उरलेले पैसे मोजून घेणे जास्त उपयोगाचे असते. मात्र केवळ व्यवहारगणित पुरे, असे अध्ययन अक्षम मुलाबाबत ठरवू नये. त्याची बुद्धी शाबूत आहे आणि त्याला वर्गाचे गणित वेगळ्या वाटेने हवे आहे. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठीचे निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले. त्यातील तिसरीपर्यंतच्या संख्याज्ञानाच्या अपेक्षा पायऱ्या ठरवताना उपयोगी पडतात. त्या पायऱ्यांसाठीच वापराव्यात, मुलाला मागास ठरवण्यासाठी नव्हे.

साहित्य

प्रदर्शनात शोभणारे थर्माकोलचे तक्ते करण्यात मे महिना घालवू नये. मुलाच्या हातात न येणारे साहित्य भिंतीवर धूळ खाते. शाळेतील गणित पेटी आधी उघडून पाहावी. अनेक शाळांत ती कपाटात जवळजवळ नवी असते. काड्यांचे गठ्ठे, दोन रंगांत दहा-दहा मणी ओवलेली शंभर मण्यांची माळ, खेळण्यातल्या नोटा, दहा घरांची चौकट आणि चौकटीच्या वह्या एवढ्यावर प्राथमिकचे बहुतेक गणित भागते. प्रत्येक मुलाची वेगळी कापडी पिशवी करून तिच्यावर नाव घालावे, म्हणजे वेगवेगळ्या शाळांत जाताना काही मागे राहत नाही.

अल्पदृष्टी असलेल्या मुलासाठी जाड काळ्या रेघांची वही आणि गडद पाटावर पांढऱ्या वस्तू ठेवाव्यात. अंध मुलासाठी टेलर फ्रेम (खिळे बसवून स्पर्शाने अंक मांडायची भोकांची पाटी) व अबॅकस लागतात. टेलर फ्रेममधील खिळा आठ दिशांना बसतो आणि त्याच्या दोन टोकांचे स्पर्श वेगळे असतात, त्यामुळे सोळा चिन्हे मिळतात; ही मांडणी शिक्षकाने डोळे मिटून स्वतः करून पाहिल्याशिवाय शिकवायला घेऊ नये. पकड कमजोर असलेल्या मुलासाठी अंकांचे शिक्के किंवा चुंबकी अंक आणि खाली न घसरणारी रबरी चटई पुरते.

वेळापत्रक, वर्गशिक्षक आणि घर

मुलाला वर्गातून बाहेर काढायचे असेल, तर खेळाचा किंवा चित्रकलेचा तास घेऊ नये. त्याला वर्गात आनंद मिळण्याची तीच वेळ असते. शक्यतो गणिताच्याच तासाला वर्गात बसून काम करावे. वर्गशिक्षकांकडे जाताना ‘या मुलाकडे लक्ष द्या’ अशी मोघम विनंती न करता एका पानाची चिठ्ठी द्यावी: पाठ तोच, उदाहरणे दहाऐवजी चार, संख्या शंभरच्या आत, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील पट्टी, काड्या वापरण्याची मुभा. असे नेमके मागितले तर बहुतेक शिक्षक देतात.

पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, ‘बाई, हा पाढे कधी म्हणायला लागेल?’ त्यावर सिद्धान्त सांगत बसू नये. ‘ताई, रोज जेवायला बसताना ताटं त्यालाच मांडू द्या. माणसं सहा आणि ताटं चार असली, तर अजून किती लागतील हे त्यालाच विचारा,’ एवढे सांगावे आणि पुढच्या भेटीत त्याचीच चौकशी करावी. घरचे काम दहा मिनिटांचे आणि एकच असावे.

नववी-दहावीची मुले असतील तर

राज्य मंडळाच्या परीक्षेत अध्ययन अक्षम विद्यार्थ्याला दर तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो. शिवाय गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि कार्यानुभव घेण्याचाही पर्याय आहे. त्यासाठी शासनमान्य रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते आणि तिथे तारीख मिळण्यास वेळ लागतो, म्हणून नववीच्या जूनमध्येच अर्ज करावा आणि त्या वर्षीचे मंडळाचे परिपत्रक मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावे. हा पर्याय सोपा म्हणून लगेच सुचवू नये. दहावीचे गणित सोडले, की तंत्रनिकेतनासारख्या वाटा अवघड होतात, हे पालकांना आणि मुलालाही समजावून सांगून मगच निर्णय त्यांच्यावर सोडावा. अनेकदा जादा वेळ आणि चांगला लेखनिक मिळाला, तर पर्यायाची गरज पडत नाही.

नोंदी

प्रत्येक मुलासाठी एक पान आणि पानावर चार रकाने करावेत: तारीख, कोणती पायरी, किती मदत लागली, मुलाने काय केले. शेवटच्या रकान्यात ‘छान प्रतिसाद’ असे न लिहिता ‘गठ्ठा सोडला, पण सुट्या काड्या पुन्हा एकपासून मोजल्या’ असे लिहावे. गणपतीच्या सुट्टीपूर्वी तीच वीस मिनिटांची पडताळणी, तेच साहित्य आणि त्याच क्रमाने पुन्हा घ्यावी आणि जूनच्या नोंदीशेजारी ठेवून पाहावी. जे उद्दिष्ट हलले नसेल, त्याचा सराव दुप्पट करण्यापूर्वी पायरी फार मोठी पडली का ते तपासावे आणि तिचे दोन भाग करावेत. तरीही मूल तिथेच थांबत असेल, तर वर्गशिक्षक आणि पालक यांना बोलावून आराखड्यातील ते उद्दिष्ट दिवाळीपूर्वीच बदलून घ्यावे.